डोंगरीचे एकशें एक दिवस : तारुण्यांतील निश्चिंततेचा विचार

तारुण्य हा निश्चिंततेचा काळ, अशी आपल्याकडे एक जुनी समजूत आहे. बाल्यांत समज नसते, वार्धक्यांत शक्ति नसते. मधलीं दहापंधरा वर्षें तेवढीं मनुष्यानें आनंदांत घालवावींत, असें वडील माणसें सांगतात, आणि सांगतांना स्वतःच्या तारुण्यांतील जागून काढलेल्या रात्री बहुधा विसरलेलीं असतात. वस्तुस्थिति निराळी आहे. शिक्षण संपत आलेलें, पोटाचा उद्योग ठरलेला नाहीं, घरच्यांच्या अपेक्षा डोक्यावर आणि स्वतःच्या सामर्थ्याचा अदमास नाहीं, असा हा काळ. चिंतेला इतकी सुपीक जमीन पुढें सबंध आयुष्यांत मिळत नाहीं.

हा विषय आमच्या मनांत विशेषेंकरून घोळूं लागला तो तिरोड्यास. तिरोडा हें गोंदिया जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. १९९९ सालीं गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत तें भंडारा जिल्ह्यांत मोडत असे. सभोंवार धानाच्या बांध्या, पश्चिमेच्या अंगास वैनगंगा, आणि गांवाजवळच पांच संचांचें ३३०० मेगावॅटचें औष्णिक विद्युत्केंद्र. येथील स्टेशनावर नागपुराकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहणारीं मुलें आम्ही न्याहाळीत होतों. कोणी परीक्षेला निघालेला, कोणी नोकरीच्या मुलाखतीला. हातांत पुस्तक, पण पान उलटत नव्हतें. एका वृद्ध शेतकऱ्यानें त्यांच्याकडे पाहून आम्हांस म्हटलें, "पोरांचा जीव रोवणीच्या टायमाला पाऊस लांबल्यासारखा झाला आहे, बुवा." ही उपमा आम्हांस फार मार्मिक वाटली.

कारण हा प्रदेश धानाचा. पऱ्हे तयार आहेत, चिखलणी व्हावयाची आहे, आणि आभाळ कोरडें. असल्या वेळीं शेतकऱ्याच्या मनाची जी अवस्था होते तीस चिंता हा शब्दही अपुरा आहे. परंतु याच प्रदेशानें त्या चिंतेवर एक उपाय फार पूर्वीं शोधून काढला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत पूर्वजांनीं खोदलेले हजारों तलाव व बोड्या आहेत. तलाव बांधण्याच्या कामीं कोहळी समाजाचें कौशल्य प्रसिद्धच आहे. १९५१ सालीं मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले, तरी लोक त्यांस अद्यापि मामा तलाव म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. ज्याच्या बांधीच्या वरच्या अंगास तलाव भरलेला आहे, त्यालाही पाऊस लांबला कीं आभाळाकडे पाहावेंसें वाटतें. पण तो रात्रीं झोंपतो. त्याची निश्चिंतता स्वभावाची नव्हे, सांठवणीची आहे.

तरुणाच्या मनासही असा तलाव खोदतां येईल काय? या प्रश्नाचें उत्तर उपदेशाच्या ग्रंथांत शोधण्यापेक्षां इतिहासांत शोधावें, हें आम्हांस बरें वाटतें. आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासांत याचें एक उदाहरण असें आहे कीं त्याची आठवण सर्वांस असते, पण या दृष्टीनें त्याकडे फारसें कोणी पाहत नाहीं. तें म्हणजे टिळक व आगरकर यांनीं १८८२ सालीं मुंबईस डोंगरीच्या तुरुंगांत काढलेले एकशें एक दिवस.

त्या वेळीं हे दोघेही अगदीं तरुण होते. आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ चा, टिळकांचा त्याच महिन्यांतील २३ तारखेचा. १७ जुलै १८८२ रोजीं त्यांस शिक्षा झाली. अर्थात् आगरकरांस सव्विसावें वर्ष पुरें होऊन तीन दिवस झाले होते, आणि टिळकांस तें तुरुंगांतच पुरें झालें. हल्लीं या वयाच्या मुलास आपण 'अजून स्थिरस्थावर व्हावयाचा आहे' असें म्हणतों.

त्यांचें पूर्वायुष्य पाहिलें तर निश्चिंत राहण्यास अनुकूल असें त्यांत कांहीं नव्हतें. टिळक दहा वर्षांचे होतात तोंच त्यांची आई वारली, आणि सोळाव्या वर्षीं वडील गेले. आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभू गांवचे. दारिद्र्य जन्मापासून पाठीशीं. शिक्षणासाठीं कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला असे वणवण फिरलेले. पुण्यास डेक्कन कॉलेजांत असतांना अंगांतील एकच सदरा रात्रीं धुवून सकाळीं घालीत असत, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. अशा मुलानें एम. ए. व्हावें आणि शंभर-दोनशें रुपयांची सरकारी नोकरी धरून आईस सुखांत ठेवावें, हीच सर्वांची अपेक्षा असणार. पण परीक्षेच्या सुमारास आईस लिहिलेल्या पत्रांत आगरकरांनीं आपण मोठ्या पगाराच्या मागें लागणार नाहीं, पोटापुरतें मिळवून उरलेला वेळ लोकांच्या हितासाठीं घालवूं, असें कळविलें.

हा निश्चय म्हणजेच त्यांच्या मनाचा तलाव होय, असें आमचें मत आहे. तरुणाच्या चिंतेचा मोठा भाग 'मला किती मिळेल' या प्रश्नाचा असतो. आणि 'किती पुरे' हें ठरल्यावांचून त्या प्रश्नास शेवट नसतो. आगरकरांनीं आणि टिळकांनीं तें आधींच ठरवून टाकलें होतें. १८७९ सालीं डेक्कन कॉलेजच्या परिसरांत या दोघांनीं रात्र-रात्र बोलून सरकारी नोकरी न करण्याचा व शिक्षणाच्या कार्यास वाहून घेण्याचा बेत कायम केला. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेंतील नोकरी सोडून आले. १८८० च्या जानेवारींत न्यू इंग्लिश स्कूल निघालें, आणि पुढच्या वर्षीं, १८८१ च्या जानेवारींत, 'केसरी' व 'मराठा' हीं पत्रें सुरू झालीं. 'केसरी'चे संपादक आगरकर, 'मराठा'चे टिळक.

पण तलाव भरलेला असला म्हणून वादळ येत नाहीं असें नाहीं. १८८२ सालच्या मार्चमध्यें विष्णुशास्त्री वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षीं वारले. ज्याच्या नांवावर शाळा उभी राहिली तोच गेला. त्याच सुमारास कोल्हापूरचें प्रकरण उपस्थित झालें होतें. कोल्हापूरचे तरुण छत्रपति चौथे शिवाजी यांचा छळ होत आहे आणि त्यांत दिवाण माधवराव बर्वे यांचा हात आहे, अशा आशयाचा मजकूर या पत्रांनीं छापला. त्यास ज्या पत्रांचा आधार होता तीं बनावट ठरलीं. बर्व्यांनीं अब्रुनुकसानीची फिर्याद केली. संपादकांनीं क्षमा मागितली. तथापि हायकोर्टांत दोघांस चार-चार महिन्यांची साधी कैद झाली. खटला चालू असतां जोतीराव फुले यांच्या खटपटीनें रामशेट उरवणे यांनीं दहा हजारांचा जामीन दिला होता, ही गोष्टही येथें सांगितली पाहिजे. पुढें मतांचे मार्ग कितीही वेगळे झाले तरी अडचणींत हात देणारीं माणसें अनपेक्षित दिशेनें येतात, हें तरुणांनीं लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

तुरुंगांतून सुटल्यावर आगरकरांनीं 'डोंगरीच्या तुरुंगांतील आमचे एकशें एक दिवस' हें लहानसें पुस्तक लिहिलें. त्याचें वैशिष्ट्य असें कीं त्यांत रडगाणें नाहीं. लहानशी खोली, न रुचणारें अन्न, पहाऱ्याची शिस्त या सर्वांचें वर्णन लेखक असें करतो कीं वाचकास हंसूं यावें. त्या तुरुंगांत शाळेचें पुढें काय करावयाचें, कॉलेज कसें काढावयाचें, समाजाच्या व राज्याच्या सुधारणेचा क्रम कोणता, यावर दोघांचें तासन्‌तास बोलणें चाले. याच मुक्कामांत आगरकरांनीं शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चें मराठी रूपांतर हातीं घेतलें. तें १८८३ सालीं 'विकारविलसित' या नांवानें प्रसिद्ध झालें. या योगायोगाचें आम्हांस नेहमीं कौतुक वाटत आलें आहे. जगाच्या वाङ्मयांतील सर्वांत चिंताग्रस्त तरुण कोण, असें विचारल्यास डेन्मार्कच्या त्या राजपुत्राचें नांव प्रथम तोंडांत येईल. राजवाड्यांत राहून ज्यास एक निश्चय करवत नाहीं, त्याची कथा कोठडींत बसून मराठींत आणणारा तरुण मात्र आपला निश्चय केव्हांच करून बसलेला होता.

२६ ऑक्टोबर १८८२ रोजीं कांहीं दिवसांची सूट मिळून दोघे सुटले. लोकांनीं त्यांचें मोठें स्वागत केलें. तुरुंगांत ज्या कॉलेजाच्या गोष्टी झाल्या तें दोनच वर्षांनीं प्रत्यक्षांत आलें. १८८४ च्या ऑक्टोबरांत डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ च्या जानेवारींत फर्ग्युसन कॉलेज सुरू झालें.

येथवर वाचून एखादा चिकित्सक वाचक म्हणेल कीं ही गोष्ट सोयीस्करपणें सांगितलेली आहे. आक्षेप रास्त आहे, आणि त्याचा विचार केल्यावांचून पुढें जाणें बरें नव्हे. पहिली गोष्ट, हे दोघे पदवीधर होते. पदवीधर मोजके असण्याच्या त्या काळांत नोकरी त्यांनीं सोडली, ती त्यांस नाकारली गेली नव्हती. ज्या तरुणास दहा ठिकाणीं अर्ज करूनही उत्तर येत नाहीं, त्यास 'आगरकरांसारखा हंस' असें सांगणें क्रूरपणाचें होईल. दुसरी गोष्ट, या प्रकरणांत त्यांची चूक होती. खोट्या कागदांवर विसंबून एका माणसाच्या अब्रूवर घाला घातला गेला होता. निश्चिंतता म्हणजे बेफिकिरी असती, तर त्यांनीं ती चूक हंसून सोडून दिली असती. त्यांनीं क्षमा मागितली आणि शिक्षाही भोगली. मन हलकें राहिलें असेल तर तें याहीमुळें, कीं देणें देऊन टाकलें होतें. ज्याचें देणें थकलें आहे त्याची झोंप उडालेली बरी. ती चिंता नव्हे, ती सदसद्विवेकबुद्धि होय.

तिसरी गोष्ट याहून खोल आहे. प्रसन्नतेनें सर्व कांहीं साध्य होतें असेंही नाहीं. ज्या दोन मित्रांनीं डोंगरीस एका खोलींत भविष्याचीं चित्रें रंगविलीं, त्यांचा पुढें तीव्र मतभेद झाला. १८८७ सालीं आगरकरांनीं 'केसरी' सोडला, पुढच्या वर्षीं 'सुधारक' काढला. १८९० सालीं टिळक सोसायटींतून बाहेर पडले. ज्या छत्रपतींसाठीं तुरुंग पत्करला ते १८८३ च्या डिसेंबरांत अहमदनगरास गोऱ्या पहारेकऱ्याशीं झालेल्या झटापटींत मरण पावले. आगरकरांस दम्यानें ग्रासलें; सनातन्यांनीं त्यांच्या जिवंतपणीं त्यांची प्रेतयात्रा काढली; आणि १७ जून १८९५ रोजीं, एकोणचाळिसावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच, ते गेले. त्यांच्या उशाखालीं एक पुडी सांपडली आणि तींत स्वतःच्या अंत्यविधीपुरते पैसे बाजूस ठेवलेले होते, असें सांगतात. मृत्युलेख लिहवितांना टिळकांस अश्रु आवरेनात, असेंही सांगतात.

त्या पुडीचा आम्ही पुष्कळ वेळां विचार केला आहे. जन्मभर जो पैशाविषयीं निश्चिंत म्हणून गाजला, त्यानें मरणाची तजवीज करून ठेवावी, यांत वरवर विरोध दिसतो. वस्तुतः विरोध नाहीं. आपला भार दुसऱ्यावर पडूं नये एवढी व्यवस्था करावयाची, आणि तेवढी केल्यावर मग त्या गोष्टीचा विचार मनांत येऊं द्यावयाचा नाहीं, हीच त्यांची रीत आईला पत्र लिहिलें तेव्हांही होती. खोदतांना घाम गाळावा, आणि पुढें निवांत झोंपावें.

आगरकर ज्याच्या ग्रंथांवर वाढले त्या जॉन स्टुअर्ट मिल्लची एक हकीकत येथें जुळते. १८२६ सालीं, विसाव्या वर्षीं, मिल्लला एकाएकीं विलक्षण औदासीन्य आलें. आपल्या मनांतील सर्व सुधारणा या क्षणीं झाल्या तर आपण सुखी होऊं काय, असा प्रश्न त्यानें स्वतःस केला, आणि उत्तर 'नाहीं' असें आलें. त्यांतून तो पुढें सांवरला, आणि आत्मचरित्रांत त्यानें आपला निष्कर्ष नमूद केला : सुखाकडे टक लावून पाहणाऱ्यास तें सांपडत नाहीं; दुसऱ्या कांहीं कामांत मन गुंतलें म्हणजे तें वाटेंत भेटतें. 'आनंदी रहा' हा उपदेश तरुणास बहुधा निरुपयोगी कां होतो, याचें कारण यांत आहे. आनंद हा हुकुमाचा ताबेदार नव्हे. डोंगरीच्या कैद्यांनीं आनंदी राहण्याचा प्रयत्न केला नाहीं. त्यांनीं कॉलेजाचा बेत केला आणि नाटक मराठींत आणलें.

तेव्हां या एकशें एक दिवसांपासून घेण्यासारखें काय? आमच्या मतें चार गोष्टी. किती पुरे हें स्वतःशीं ठरवावें; झालेल्या चुकीचें देणें लवकर फेडावें; बंद खोलींतही करतां येईल असें एखादें काम हाताशीं ठेवावें; आणि ज्याच्याशीं मोठ्यानें बोलतां येईल असा एक तरी सोबती जोडावा, जरी तो पुढें जन्मभर सोबती राहील याची शाश्वति नसली तरी. यांपैकीं एकही गोष्ट नशिबावर अवलंबून नाहीं, आणि एकही एका दिवसांत होणारी नाहीं.

आणि वडीलधाऱ्यांसही एक शब्द. तलाव कोणा एकट्यानें खोदला नाहीं. तो गांवानें खोदला, आणि ज्यांनीं खोदला त्यांच्यापेक्षां त्यांच्या नातवांनीं त्याचें पाणी अधिक वापरलें. परीक्षेस निघालेल्या मुलास स्टेशनावर पोंचवितांना 'काळजी करूं नको' एवढेंच म्हणणें हें कोरड्या बांधीस 'ओली हो' म्हणण्यासारखें आहे. त्याऐवजीं 'नाहीं झालें तरी घर आहे, आणि दुसरा उद्योग आपण मिळून पाहूं' असें म्हणावें. तें एक वाक्य म्हणजे कुदळीचा एक घाव आहे. तिरोड्याच्या त्या मुलांपैकीं एकाच्या बापानें, गाडी हलतांना, खिडकींतून शिदोरी देत म्हटलें, "परतीला सांजच्या गाडीनं ये, आई वाट पाहील." परीक्षेविषयीं त्यानें एक अक्षर काढलें नाहीं. मुलानें मान हलविली, आणि इतका वेळ न उलटलेलें पान उलटलें.