न चिकटवलेलं छप्पर

दिवाळीतला किल्ला हे आपल्यापैकी बहुतेकांनी हातानं केलेलं पहिलं मॉडेल. विटा रचायच्या, वर पोतं, त्यावर चिखल, अळीव पेरायचे, मावळे ठेवायचे. झाला राजगड! पण या किल्ल्याला आतलं असं काही नसतं. आत विटाच. तो फक्त बाहेरून बघायचा. हे साधं सत्य लक्षात यायला मला चाळिशी उलटावी लागली.

झालं असं, की घोटावड्याचं आमचं जुनं घर गेल्या उन्हाळ्यात उतरवलं. कुणी राहत नव्हतं, मागची भिंत झुकली होती, वाटण्याही झाल्या होत्या. मी पोचलो तेव्हा लाकूडफाटा गेला होता. उरलं होतं जोतं आणि त्यावरचे तळखडे, म्हणजे लाकडी खांबांखालचे घडीव दगड. काय सुचलं कोण जाणे, टेपनं त्यांच्यातली अंतरं मोजून आणली.

जुन्या घरांचं माप खणांत सांगतात. खण म्हणजे दोन खांबांमधली जागा. घराचा भार खांब आणि तुळया घेतात, भिंती नुसत्या मधे भरलेल्या. म्हणून भिंती पडल्या तरी तळखड्यांवरून घर कागदावर मांडता येतं. आमचा खण पाच फुटांचा, लांबी सात खण. फुटाला पाव इंच धरलं की पावणेनऊ इंचांचं घर. खांबांना उदबत्तीच्या काड्या, कौलांना खोक्याचा पुठ्ठा. त्याचा वरचा कागद सोलला की आतली नागमोड हुबेहूब कौलांसारखी दिसते.

बाहेरचा आकार दोन रविवारांत झाला. आत शिरायची वेळ आली आणि अडलो.

तेव्हा शनिवारवाडा आठवला. १० जानेवारी १७३० ला पायाभरणी, २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत. फेब्रुवारी १८२८ च्या आगीत आतल्या इमारती गेल्या. तट, दरवाजे आणि जोती राहिली. जोत्यांवरून दालनांच्या जागा कळतात, पण तिथे उजेड कुठून यायचा, कोण कुठे बसायचं, हे दगड कसे सांगणार? आतलं एक प्रसिद्ध चित्र आहे. सवाई माधवराव आणि इंग्रज वकील मॅलेट यांच्यातल्या १७९० च्या तहाचं. जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलनं ते १८०५ मध्ये पूर्ण केलं. वेल्स त्याआधीच, १७९५ मध्ये वारला होता. पण ते चित्र दरबाराचं. परक्याला जिथवर प्रवेश, तिथवरचंच चित्र!

आमच्याकडेही तेच. जुने फोटो सगळे ओसरीवरचे. काकांना विचारलं तर ओसरीचा कोपरान् कोपरा पाठ, माजघराचं नाव काढलं की "अंधारी खोली होती रे, धान्य असायचं." मग आत्याकडे गेलो. तिनं जातं, कोनाडे, बाळंतिणीची बाज, सगळं जागच्या जागी बसवून दिलं. ओसरीचं विचारलं तर म्हणाली, "तिथं आम्ही झाडायला जायचो तेवढंच."

तळखड्यांवरून एक गोष्ट मला खटकली होती. ओसरीतून माजघरात जायचं दार अंगणाच्या दारासमोर नव्हतं, एक खण बाजूला होतं. मला वाटलं, सुताराची चूक. आत्या हसली. "चूक कसली? समोर असतं तर ओसरीवरच्या माणसांना चूल दिसली असती." आणि तिनं भिंतीत बोटानं जागा दाखवली, "इथं एक झरोका काप. वितीएवढा."

झरोका कापला, छप्पर ठेवलं, ओसरीवर टॉर्च धरला. ओसरीकडून बघितलं तर झरोक्यात नुसता काळोख. मागच्या दारातून, माजघराच्या बाजूनं बघितलं तर ओसरी लख्ख. उजेडातल्याला अंधारातलं दिसत नाही, अंधारातल्याला उजेडातलं सगळं दिसतं. लहानपणी त्या ओसरीवर मी किती वेळा बसलो असेन, पण आपल्याला कुणी बघतंय हे कधी कळलं नव्हतं.

आत्या बराच वेळ त्या झरोक्यातून बघत राहिली. मग म्हणाली, "माझं लग्न ठरलं ते मी इथून बघितलं. सुपारी फुटेपर्यंत उभी होते. मला कुणी विचारलं नाही."

मी काय बोलणार? चहा केला.

घराचा इतिहास लिहायचा म्हणून मी कागदपत्रं गोळा करत होतो. सातबारा, वाटणीपत्र, फोटो. सगळी ओसरीवरची. काकांची आठवण खोटी नाही, आत्याचीही नाही. एकाच छपराखाली दोन घरं होती आणि मधे वितीएवढा झरोका.

मॉडेल आता आत्याच्या टेबलावर आहे. छप्पर मुद्दाम चिकटवलेलं नाही, उचलता येतं. माडीचा जिना मात्र अजून राहिलाय. तो माजघरातून होता की ओसरीच्या कडेनं, यावर घरात दोन तट आहेत. घोटावडेकर मंडळी, कुणाला पक्कं आठवत असेल तर सांगा. आणि सांगताना, तुम्ही कुठे उभे होतात तेही सांगा.