तिरफळाचं गोत

तिरफळ वाटणात घालायचं नसतं. सुकलेलं तिरफळ उकलून आतलं काळं चकचकीत बी टाकून द्यायचं, टरफल खलबत्त्यात जरासं चेचायचं आणि आमटीला उकळी फुटली की वरून सोडायचं. वाटलं तर कडवटपणा उतरतो, बी राहिलं तर दाताखाली कचकच लागते. मालवण, वेंगुर्ला, गोवा, कारवार या पट्ट्यात हे कुणी शिकवत नाही, बघत बघत येतं. बांगडा आणि तारली या तेलकट मासळीशी तिरफळाची जोडी पक्की. कोळंबीत, म्हणजे आमच्या सुंगटांत, काही घरं घालतात, काही घालत नाहीत. आमच्याकडे घालतात. कुर्ल्यांना, म्हणजे खेकड्यांना, मात्र भाजलेल्या खोबऱ्याचा आणि गरम मसाल्याचा रस्सा. तिथे तिरफळाला जागा नाही.

आता मी हे चंडीगडमध्ये बसून लिहितो आहे. हे शहर गेल्या शतकाच्या मध्यावर आखून बांधलं गेलं. त्याला समुद्र नाही आणि स्वतःची अशी जुनी मासळीही नाही. पंजाबची मासळी नदीची, बियास-सतलजची, आणि तिला बेसन आणि ओवा लावून तळायची रीत. ओव्याचा उग्रपणा नदीच्या माशाचा वास जसा दाबतो, तसंच काहीसं काम तिरफळ बांगड्यावर करतं. पण दोघांची चव एक नव्हे. नारळ, धणे, मिरची सगळं 26 सेक्टरच्या मंडईत मिळतं, आमसुलं गावाहून येतात. अडतं ते तिरफळाशी.

ते संपलं तेव्हा इथल्या एका पंसाऱ्याला मी खाणाखुणा करून विचारलं. त्याने डब्यातून मूठभर बोंडं काढून कागदावर ओतली. तांबूस तपकिरी, खडबडीत, तोंड उघडलेली, आत काळं बी. तिरफळाहून बरीच लहान. एक टरफल चावून पाहिलं. आधी लिंबाच्या सालीचा वास नाकात चढला, मग जिभेच्या टोकाला मुंग्या आल्या, आणि पुढची काही मिनिटं ओठ आपले वाटेनात. पंसारी म्हणाला, हे पहाडातलं तिमूर, दातांसाठी नेतात.

तिमूर हा तिरफळाचा सख्खा चुलतभाऊ. दोघांचं वनस्पतिशास्त्रातलं कुळनाव झँथोझायलम. आपलं ते ऱ्हेट्सा, हिमालयातलं ते आर्मेटम. लिंबू, संत्रं, बेल, कढीलिंब ज्या घराण्यातले, त्याच घराण्याची ही काटेरी शाखा. तिरफळाचा वृक्ष चांगला उंच होतो, त्याच्या खोडावर जाडजूड शंकूसारखे काटे असतात आणि त्यामुळे त्यावर चढणं मोठं जिकिरीचं. तिमूर हे झुडूप; चंडीगडहून कालका ओलांडून वर चढलं की हिमाचलच्या उतारांवर ते आढळतं. तिथे त्याला तिरमिर म्हणतात, गढवालात टिमरू, नेपाळात टिमुर. आयुर्वेदातला तुंबरू तो हाच. काडी दातवणाला, बी मंजनाला. लाल दंतमंजनाच्या डब्यावरची घटकांची यादी नीट वाचली तर त्यात ‘तोमर’ सापडतो. आपण कोकणी माणसं हिमालयाच्या तिरफळाने दात घासत आलो आणि आपल्याला त्याचा पत्ता नव्हता!

या मुंग्या येतात कशामुळे? या कुळातल्या फळांच्या सालीत सांशूल नावाची द्रव्यं असतात. मिरची जिभेला जळाल्याची खोटी वर्दी देते. सांशूल स्पर्शाच्या नसा चाळवतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी 2013 मध्ये लोकांच्या ओठांना चिनी सेच्युआन मिरी लावली, बोटाला यंत्राने कंप दिला आणि ओठांवरची थरथर बोटावरच्या कंपाशी जुळवून पाहायला सांगितलं. ती जुळली सेकंदाला 50 कंपनांच्या आसपास. म्हणजे सेच्युआन मिरीला आपण चव म्हणतो, पण तिच्यात चवीइतकाच स्पर्श आहे. आजी तिरफळाबद्दल ‘जीभ जागी होते’ म्हणायची. मला तिचं वाक्य या प्रयोगाइतकंच नेमकं वाटतं.

सेच्युआन मिरीसुद्धा याच गोतातली. लिंबूवर्गीय बागांना लागणारा कँकर रोग तिच्यासोबत येईल या धास्तीने अमेरिकेने 1968 पासून 2005 पर्यंत तिच्या आयातीवर बंदी ठेवली होती. पुढे मिरी उष्णता देऊन निर्जंतुक केलेली असावी, या अटीवर ती बंदी उठली.

आणि मला खरं नवल वाटतं ते पुढे आहे. हे गोत पसरलंय सह्याद्रीपासून जपानपर्यंत, आणि अनेक ठिकाणी ते माशाच्या मागे मागे गेलेलं दिसतं. जपानी लोक भाजलेल्या ईल माशावर सांशोची पूड भुरभुरतात. सुमात्रातले बटाक लोक तळ्यातला कार्प मासा आंदालिमान घालून आटवतात, त्या पदार्थाला आर्सिक म्हणतात. नेपाळात सुकवलेल्या बारीक मासळीच्या चटणीत टिमुर असतो. आमच्याकडे बांगडा. या चार ठिकाणच्या बायकांनी एकमेकींना कधी पाहिलं नाही, तरी ज्या माशाला अंगचं तेल किंवा वास जास्त त्याच्यासाठी त्यांनी एकाच कुळातलं झाड शोधून काढलं. गढवालच्या जौनपूर भागात तर गोष्ट उलट्या टोकाची. तिथे पावसाळ्याच्या तोंडावर मौण मेळा भरतो. टिमरूच्या सालीची पूड अगलाड नदीत टाकतात, मासे गुंगतात आणि सगळी गावं पाण्यात उतरून ते पकडतात. कोकणात जे झाड मासा शिजवायला, तेच कूळ तिथे तो धरायला.

मिरचीशी तिरफळाचा मेळ बसला तो फार उशिरा. मिरची अमेरिकेची, पोर्तुगीजांच्या गलबतांतून आली. गोवा त्यांच्या हाती पडला 1510 मध्ये. त्याआधीच्या आपल्या पाकशास्त्रात तिखटपणा होता तो मिऱ्यांचा, पिंपळीचा, आल्याचा. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 1129 च्या सुमाराच्या ‘मानसोल्लासा’त मासे आहेत, मिरची नाही. तिरफळ कुठूनही यावं लागलं नाही, ते सह्याद्रीच्या रानातलंच. आपल्या लालभडक तिखल्यात मिरची पाहुणी आणि तिरफळ घरचं, हे आता कुणाच्या ध्यानातही येत नाही.

चंडीगडच्या पातेल्यात दुसरी पाहुणी कोळंबीच आहे. इथे मिळणारी कोळंबी समुद्राचीच असते असं नाही. हरियाणा-पंजाबात कालव्यांच्या सिंचनाने पाण्याची पातळी वर आली, जमिनी खारावल्या, सिरसा, मुक्तसर, फाजिल्का भागातल्या कितीतरी शेतांत गहू उगवेना. तिथे आता तळी खोदून व्हॅनामेई कोळंबी वाढवतात. ही मूळची पॅसिफिकच्या अमेरिकी किनाऱ्याची. भारताने तिला 2009 मध्ये परवानगी दिली. भूजल खारं असलं तरी त्यात समुद्राच्या मानाने पोटॅशियम फार कमी. त्यामुळे कोळंबी तगत नाही, म्हणून तळ्यात पोटॅश घालावं लागतं. हे ज्ञान ज्या संस्थांकडून शेतापर्यंत पोचलं त्यांत आपल्या वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेचा मोठा वाटा आहे. 1961 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या या संस्थेचं एक केंद्र रोहतकजवळच्या लाहलीला आहे. थंडीत या तळ्यांत कोळंबी टिकत नाही, म्हणून एप्रिलच्या सुमारास सोडायची आणि हिवाळ्याआधी काढायची.

कुर्ल्यांचं इथे जमत नाही, आणि मी आता ते सोडून दिलं आहे. कुर्ली जिवंत हवी. मेल्यावर तिचं मांस झपाट्याने सैल पडतं, आणि बर्फातून काढलेल्या कुर्लीच्या नांग्यांत शेवटी पाणीच निघतं. त्यापेक्षा गावी गेल्यावर पोटभर खावी.

हरियाणाची कोळंबी मात्र मनापासून आवडली. साल पातळ, चव गोडसर, समुद्राचा खारा वास कमी. तो कमी पडतो म्हणून डोकी-सालं टाकत नाही. थोडं मीठ घालून उकळतो आणि गाळलेलं पाणी रश्शाला वापरतो. खोबरं, धणे, लाल मिरची, हळद वाटून त्या पाण्यात उकळी आणायची, आमसूल सोडायचं. तिमूर तिरफळाच्या निम्माच, कारण तो जिभेला फार लवकर बधिर करतो. संत्र्याच्या सालीसारखी तिरफळाची जी लाकडी गोडी असते ती त्याच्यात नाही, लिंबाचा तडफदारपणा जास्त. बांगडा दम धरतो, म्हणून त्याच्याबरोबर तिरफळ घातलं तरी मुरतं. कोळंबीला चार मिनिटं पुरतात, तेवढ्यात तिमूर काही देत नाही. म्हणून आधी चेचलेला तिमूर दोन उकळ्या रश्शात एकटा फिरू द्यायचा, मग कोळंबी घालायची, आणि ती वळून गुलाबी झाली की लगेच आच बंद.