ब्रेनन, वॉल्टर

(२५ जुलै १८९४–२१ सप्टेंबर १९७४). हॉलिवूडमधील अमेरिकन चरित्र अभिनेता. जन्म मॅसॅचूसेट्स राज्यातील लिन येथे. पहिल्या महायुद्धात तो फ्रान्समध्ये तोफखान्यात होता. १९२०च्या दशकात त्याने एक्स्ट्रा व स्टंटमन म्हणून चित्रपटांत किरकोळ कामे सुरू केली (पहा : मूकपट). पुढे अपघातात बरेच दात गेल्याने त्याला कवळी लागली; कवळी काढून बोबडे बोलणारा, लंगडत चालणारा म्हातारा तो चाळिशीतच हुबेहूब उभा करू लागला. बार्बरी कोस्ट (१९३५) या चित्रपटाने त्याचे नाव झाले.

सहाय्यक अभिनेत्यासाठीचा ऑस्कर १९३६च्या चित्रपटांपासून सुरू झाला आणि पहिलाच पुरस्कार कम अँड गेट इट या चित्रपटासाठी ब्रेननला मिळाला. केंटकी (१९३८) व द वेस्टर्नर (१९४०) यांसाठी तो पुन्हा मिळून असे तीन पुरस्कार मिळवणारा तो पहिला नट ठरला. द वेस्टर्नरमधला लहरी न्यायाधीश रॉय बीन ही त्याची सर्वांत ठसठशीत भूमिका. रेड रिव्हरमध्ये (१९४८) तर पोकरच्या डावात गमावलेली कवळी त्याच्या पात्राला जेवणापुरती उसनी मागावी लागते. रिओ ब्राव्होमधील (१९५९) तुरुंगाचा लंगडा पहारेकरी प्रेमळ, तर माय डार्लिंग क्लेमेंटाइनमधील (१९४६) क्लँटन टोळीचा बाप निर्दय आहे (पहा : फोर्ड, जॉन; हॉक्स, हॉवर्ड; वेस्टर्नपट). नायकाशेजारच्या वृद्ध सोबत्याला त्याने स्वतंत्र व्यक्तिमत्त्व दिले. द रिअल मॅकॉइज (१९५७–६३) या दूरचित्रवाणी मालिकेत तो आजोबांच्या भूमिकेत होता. कॅलिफोर्नियातील ऑक्सनार्ड येथे तो निधन पावला.