दुय्यम अधिकाऱ्यांच्या वर्गाचे विद्यापीठ झाले



आपल्या वेळी ‘सीओईपीला नंबर लागला’ एवढे कळले की घरात पेढे यायचे. पण ही संस्था मुळात कशासाठी निघाली, हे आपल्याला फारसे ठाऊक नव्हते. २०२२ साली ती विद्यापीठ झाली, म्हणून स्मरणिकेत तिची गोष्ट सांगावीशी वाटली.

जुलै १८५४ मध्ये पुण्यात ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ सुरू झाले. हेतू अगदी मर्यादित होता. इमारती, धरणे, कालवे, रेल्वे अशा सरकारी कामांवर दुय्यम अधिकारी हवे होते. हुकूम साहेबाचा आणि देखरेख आपल्या माणसांची, असा तो काळ.

मुंबई विद्यापीठ निघाले १८५७ साली. म्हणजे हा वर्ग त्याच्याहून तीन वर्षांनी थोरला. तरी परीक्षा आणि शिक्का धाकट्याचाच घ्यावा लागला. १८६५ मध्ये गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी मुख्य इमारतीची पायाभरणी केली. पुढे विषय वाढले तसे ‘कॉलेज ऑफ सायन्स’ नाव आले आणि १९११ मध्ये ‘कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग’. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाले आणि शिक्का बदलला, पण तो दुसऱ्याचाच राहिला.

याच कॉलेजात म्हैसूर संस्थानातून आलेले विश्वेश्वरय्या शिकले. १८८४ मध्ये ते सहायक अभियंता म्हणून सरकारी नोकरीत आले आणि त्यांची पहिली नेमणूक झाली ती आपल्या नाशिकला! शेजारच्या खानदेशात पांझरेच्या पात्रातून नळाने पाणी पलीकडे नेण्याचे अवघड काम त्यांनी तरुणपणीच पार पाडले. १९०३ मध्ये खडकवासल्याला त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले. हाताखालची माणसे घडवण्यासाठी निघालेल्या संस्थेतून स्वतः नवे शोधणारा माणूस बाहेर पडला होता.

तरीही काय शिकवायचे हे ठरवण्याचा हक्क मिळायला २००३ ची स्वायत्तता यावी लागली आणि स्वतःची पदवी द्यायला २०२२ उजाडले. वर्ग निघाल्यापासून १६८ वर्षे! मुंबईत १९३३ साली निघालेल्या यूडीसीटीची वाटही अशीच. वस्त्र-रसायनशास्त्र हा तिथला एक मूळ विषय. तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा २००८ मध्ये मिळाला.

सॉफ्टवेअरच्या धंद्यात राहून मला या हक्काची किंमत कळते. आमचे तंत्र चार-पाच वर्षांत जुने होते. अभ्यासक्रम बदलायला दुसऱ्या गावच्या समितीची वाट पाहावी लागली, तर मुले मागेच राहणार.

पण हक्काबरोबर जबाबदारीही येते. आपल्या मालेगावात यंत्रमागाचा खटका बिघडला, तर नुसत्या आवाजावरून दोष ओळखणारे कारागीर आहेत. त्यांच्या हाती प्रमाणपत्र नाही. आता अभ्यासक्रम स्वतः ठरवणाऱ्या विद्यापीठांनी या माणसांचे प्रश्न वर्गात न्यावेत आणि त्यांच्या मुलामुलींना तिथवर पोहोचता यावे. आपल्या शिक्षकांनी पाढे आणि प्रमेये घोटून घेऊन आपल्यापुरती ती वाट मोकळी केली. पुढच्यांसाठी ती मोकळी ठेवणे हे आता आपले काम आहे. या मेळाव्यात त्यावर चार शब्द बोलूया.