युद्धकालीन अन्ननियंत्रण आणि स्थानिक प्रशासन : गिरड परिसराच्या संदर्भात (१९३९-१९४८)

प्रस्तावना

दुसऱ्या महायुद्धकाळातील अन्नटंचाईचा विचार होतो तेव्हा अभ्यासकांचे लक्ष स्वाभाविकपणे १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाकडे जाते. वुडहेड आयोगाने या दुष्काळातील बळींची संख्या सुमारे १५ लाख मानली. नंतरच्या संशोधकांनी ती ३० लाखांपर्यंत नेली. मुंबईतील शिधावाटपावरही बरेच लिहिले गेले आहे. मात्र ज्या गावात दुष्काळ पडला नाही, शिधापत्रिका आली नाही, तरीही ज्याच्या धान्यावर प्रथमच सरकारची नजर गेली, अशा गावाचा अनुभव या दोन टोकांच्या मध्ये हरवतो. वर्धा जिल्ह्यातील गिरड हे असे एक गाव. प्रस्तुत लेखात या परिसराच्या संदर्भात युद्धकालीन अन्ननियंत्रण गावपातळीवर कोणत्या यंत्रणेमार्फत पोहोचत होते आणि ते कोणाच्या वाट्याला कसे येत होते, याचा विचार केला आहे.

परिसर व प्रशासनाची रचना

गिरड त्या काळी मध्यप्रांत व वऱ्हाडातील वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तहसिलीत मोडत असे; आज ते समुद्रपूर तालुक्यात आहे. टेकडीवरील शेख फरीद यांच्या दर्ग्यामुळे हिंदू व मुसलमान दोन्ही समाजांत गावाची ख्याती आहे. टेकडीवर सापडणाऱ्या गोट्यांविषयीची आख्यायिका जिल्हा गॅझेटियरमध्येही नोंदली गेली आहे. दोन बंजारा व्यापाऱ्यांनी फकिराची चेष्टा केली, तेव्हा त्यांचा सारा माल दगड झाला. त्यांनी क्षमा मागितल्यावर फकिराने वाळलेल्या पानांपासून तो पुन्हा निर्माण करून दिला, अशी ती कथा. व्यापाऱ्याच्या मालाविषयी इतका निवाडा देणारी सत्ता पुढे १९४२ नंतर तहसीलदाराकडे आली, पण दगडाचे धान्य करण्याची विद्या त्याच्यापाशी नव्हती.

जमीन काळी, पिके मुख्यतः कापूस, ज्वारी, गहू, तूर व जवस. भात नाममात्र. धान्य साठविण्याची जुनी रीत जमिनीतील पेवाची. गाव मालगुजारीचे, सारा भरण्याची जबाबदारी मालगुजाराची, नोंदी पटवाऱ्याच्या, निरोप्या कोतवाल. वर तहसीलदार आणि त्याच्यावर डेप्युटी कमिशनर. प्रांतिक मंत्रिमंडळाने नोव्हेंबर १९३९ मध्ये राजीनामा दिल्यावर १९३५ च्या कायद्याच्या ९३ व्या कलमानुसार गव्हर्नरची राजवट सुरू झाली. त्यामुळे अन्ननियंत्रणाचे बहुतेक निर्णय लोकप्रतिनिधींच्या अनुपस्थितीत झाले, ही बाब विसरता येत नाही.

टंचाईचे स्वरूप

८ मार्च १९४२ रोजी रंगून पडले आणि ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला. वरवर पाहता ज्वारी खाणाऱ्या गिरडला त्याचे काय? परंतु तांदूळ महागला की शहरांची मागणी गहू-ज्वारीकडे वळते, आणि वर्धा हे मुंबई-नागपूर व दिल्ली-मद्रास या दोन लोहमार्गांच्या संगमावरील ठिकाण. हिंगणघाटच्या बाजारातील भाव गावच्या पिकापेक्षा दूरच्या खरेदीदारावर अवलंबून राहू लागले. त्यातच रेल्वेच्या वाघिणी लष्कराकडे वळल्या. पुलगावला दारूगोळ्याचे लष्करी कोठार उभे राहिले ते याच काळात. ऑगस्ट १९३९ चा घाऊक भावांचा निर्देशांक १०० धरल्यास १९४३-४४ मध्ये तो २३० च्या पुढे गेला होता. सुट्या नाण्यांची इतकी चणचण झाली की १९४३ पासून मध्ये भोक असलेला पैसा पाडावा लागला. त्यातून तांब्याची बचत होत होती.

येथे एक प्रशासकीय पेच होता. ब्रिटिश अमलातील जिल्हा यंत्रणेला टंचाई ठाऊक होती ती दुष्काळ संहितेच्या रूपात. पाऊस चुकला, पिकाची आणेवारी घसरली, चाचणी कामे काढली, मजूर आले तर दुष्काळ जाहीर केला, असा तो क्रम. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत या प्रांताने तो अनुभवला होता. १९४२-४३ ची टंचाई मात्र भावाची होती. शेतात पीक उभे असून धान्य हाताबाहेर जात होते आणि अशा टंचाईसाठी पटवाऱ्याच्या नमुन्यात रकानाच नव्हता.

नियंत्रणाची साधने आणि गाव

भारत संरक्षण नियमांपैकी नियम ८१ हा सर्व नियंत्रणाचा पाया. डिसेंबर १९४१ मध्ये गव्हाचा कमाल भाव ठरला. त्यामुळे गहू बाजारातूनच अदृश्य झाला आणि जानेवारी १९४३ मध्ये ते बंधन उठवावे लागले. १९४२ मध्ये धान्याच्या घाऊक व्यापाऱ्यांना परवाने आवश्यक झाले. साखर, रॉकेल, कापड एकामागून एक नियंत्रणाखाली आले. केंद्रात स्वतंत्र अन्नखाते निर्माण झाले ते डिसेंबर १९४२ मध्ये, म्हणजे युद्ध सुरू होऊन तीन वर्षांनी. योगायोग असा की त्याच महिन्यात दोस्तांच्या फौजांच्या ताब्यातील इराणमध्ये, तेहरानला, रोटीसाठी दंगल उसळली. लष्कराची वाहतूक आणि नागरिकांचे धान्य यांतील स्पर्धा दोन्हीकडे सारखीच होती.

ग्रेगरी समितीने १९४३ मध्ये एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांत शिधावाटपाची शिफारस केली. प्रौढाला दिवसाला एक पौंड, म्हणजे अर्ध्या शेराहून किंचित कमी धान्य, हे प्रमाण. १९४१ च्या जनगणनेनुसार मध्यप्रांत-वऱ्हाडात या मापात बसणारी शहरे दोनच होती, नागपूर आणि जबलपूर. वर्धा आणि हिंगणघाटसुद्धा त्यात येत नव्हती. मग गिरडचे नाव कोठून येणार? या निकषामागचे गृहीतक असे, की खेडे धान्य पिकविते म्हणून खेडे उपाशी राहत नाही. लेखाचा मुख्य आक्षेप या गृहीतकावर आहे.

कापसाच्या मुलखातील खेडे संपूर्णपणे धान्योत्पादक नसते. सालदाराला ठरलेली ज्वारी मालकाकडून मिळत असे. भाव चढला तरी त्याचे पायलीचे माप कायम राही, निदान करारापुरते. मालगुजार आणि मोठा कास्तकार यांच्या पेवात धान्य होते. संकट आले ते रोख मजुरीवर निंदणखुरपण करणाऱ्या भूमिहीनावर, विणकरावर आणि ज्याची दोन-चार एकर कपाशीखाली होती अशा लहान शेतकऱ्यावर. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरताच आखूड धाग्याच्या कापसाची मोठी गिऱ्हाइकी संपली. सरकारने ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम काढली व कपाशीऐवजी धान्य पेरण्याचा आग्रह धरला. कपाशीचा पेरा घटला, हे खरे. परंतु ज्याला ज्वारी विकत घ्यावी लागत होती त्याने पेरा बदलून पीक हाती येईपर्यंत खायचे काय, याचे उत्तर त्या मोहिमेत नव्हते.

शहरात नियंत्रण म्हणजे पत्रिका आणि दुकान. खेड्यात नियंत्रण म्हणजे पटवारी. मध्यप्रांतात पटवाऱ्याचा खसरा दरवर्षी शेतवार पीक नोंदवीत असे. कायमधाऱ्याच्या बंगालमध्ये अशी गावपातळीची यंत्रणाच नव्हती आणि तेथील आकडेवारी किती अविश्वसनीय होती हे दुष्काळ चौकशीत उघड झाले. त्या तुलनेत वर्ध्याचा डेप्युटी कमिशनर अधिक जाणता होता, असे म्हणता येईल. मात्र खसऱ्यात क्षेत्र असते, साठा नसतो. पेवात किती आहे, बियाण्याला किती लागेल, सालदारांना किती द्यायचे, पाहुणा-पै आणि सणावाराला किती, हे मालकाच्या तोंडूनच ऐकायचे. त्यातही गावाचे माप पायलीचे व कुडवाचे, तर सरकारचे शेर-मणाचे. ‘शिल्लक धान्य’ हा आकडा म्हणूनच मोजलेला नसून पटवारी आणि मालगुजार यांच्या परस्परसंबंधांतून ठरलेला असे. मालगुजाराशी ज्याचे पटत नाही, त्याचे पेव भरलेले दिसण्याची शक्यता अधिक.

प्रशासनाची विश्वासार्हता

ऑगस्ट १९४२ नंतर तर या नात्यात आणखी ताण आला. १६ ऑगस्ट १९४२ रोजी वर्धा जिल्ह्यातील आष्टी आणि चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे आंदोलकांवर गोळीबार झाला. चिमूरला उपविभागीय अधिकारी व नायब तहसीलदार जमावाकडून मारले गेले. त्यानंतर लष्कर-पोलिसांचे अत्याचार आणि सामुदायिक दंड आले. प्रा. भन्साळी यांचे चिमूरच्या प्रश्नावरील उपोषण जानेवारी १९४३ पर्यंत चालले. गिरड चिमूरपासून फार दूर नाही. शेजारच्या गावात दंड वसूल करणारे सरकार आपल्या गावात धान्य मोजायला येते तेव्हा शेतकरी खरा आकडा सांगेल, ही अपेक्षाच अवास्तव होती. महसुली यंत्रणा अन्नाच्या कामासाठी अपुरी ठरली ती केवळ मनुष्यबळाअभावी नव्हे. तिला गावाची संमती नव्हती.

युद्धोत्तर वर्षे

युद्ध संपले तरी टंचाई संपली नाही. १९४६ च्या आरंभी शिध्याचे प्रमाण १६ औंसांवरून १२ औंसांवर आले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये रविशंकर शुक्ल यांचे मंत्रिमंडळ पुन्हा अधिकारावर आले, पण त्यांच्या हाती आलेली साधने तीच होती. १९४७ च्या अखेरीस देशातील १४ कोटींहून अधिक लोक कोणत्या ना कोणत्या स्वरूपाच्या धान्यवाटपाखाली होते. सेवाग्रामची वर्षे पाठीशी असलेल्या गांधीजींनी दिल्लीतील प्रार्थनासभांतून नियंत्रणे उठविण्याची मागणी लावून धरली. नियंत्रणामुळे लबाडी वाढते व शेतकरी परावलंबी होतो, असे त्यांचे म्हणणे. खेड्यातील अनुभवाशी ते बरेचसे जुळणारे होते, तथापि त्यात धान्य विकत घेणाऱ्या खेडुताचा विचार कमी पडला, असे नोंदवावे लागते. डिसेंबर १९४७ मध्ये नियंत्रणे सैल झाली. नोव्हेंबर १९४७ मध्ये ३०२ असलेला घाऊक निर्देशांक जुलै १९४८ मध्ये ३९० च्या आसपास पोहोचला आणि सप्टेंबर १९४८ मध्ये सरकारला पुन्हा नियंत्रणाकडे वळावे लागले.

विदर्भाच्या ग्रामीण बोलीत सरकारी धान्य दुकानाला ‘कंट्रोल’ म्हणतात. मालगुजारी १९५१ मध्ये संपली. खसरा पटवाऱ्याकडेच राहिला आणि पुढील लेव्हीच्या काळात पेवातील ज्वारीचा प्रश्न त्याच्यासमोर पुन्हा उभा राहिला.