बारा रुपये आणि गावातले स्थान

शिक्षकाला मिळणारा पगार न्याय्य आहे का, हा प्रश्न निघाला की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. वेतन आयोगांनी मास्तरांचे भले केले, आता तक्रार कसली, असे एक तट विचारतो. दुसरा तट शाळेतल्या कामाची यादी वाचून दाखवतो. मला या वादात दीडशे वर्षांपूर्वीच्या एका कागदाची आठवण होते. 19 ऑक्टोबर 1882 रोजी जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे केलेले निवेदन, हा तो कागद. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या मागणीसाठी ते वारंवार उद्धृत होते. शिक्षकांच्या वेतनाबद्दलचा त्यातला परिच्छेद मात्र सहसा कोणी वाचत नाही.

त्याआधीची स्थिती थोडक्यात अशी. गावठी शाळेचा पंतोजी पालकांच्या मर्जीवर जगे. कोणी पैसे देई, कोणी धान्य, सणावाराला शिधा. सरकारी शाळा आल्या तशी ही देवघेव मागे पडून महिन्याचा ठरलेला पगार आला. 1863 नंतर मुंबई इलाख्यात जमीन महसुलावर रुपयामागे एक आणा लोकल फंडाची पट्टी बसली आणि तिचा तिसरा हिस्सा शाळांकडे जाऊ लागला. म्हणजे खेड्यातल्या मास्तरांच्या पगारात कुणब्याच्या घामाचा पैसा होता. फुल्यांचा मूळ आक्षेप इथेच होता. पट्टी भरणाऱ्याच्या पोरापर्यंत शाळा पोचत नव्हती आणि जी पोचे तिथला मास्तर बहुधा ब्राह्मण व अप्रशिक्षित असे.

या मास्तरांना क्वचितच दहा रुपयांहून अधिक मिळतात आणि त्यांची विद्याही बेताची असते, असे फुल्यांनी नोंदवले. त्यांनी या दोन गोष्टी एकत्र सांगितल्या, हे महत्त्वाचे. मग उपाय सुचवला. नॉर्मल स्कूलचे प्रमाणपत्र असलेल्या शिक्षकाला किमान बारा रुपये द्यावेत, मोठ्या गावांत पंधरा ते वीस. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत, नांगराच्या मुठीला हात लावायला ज्यांना लाज वाटणार नाही असे. आणि या शिक्षकांना गावाच्या कारभारात जागा द्यावी. गावचे हिशेब तपासणे, दस्तनोंदणी, टपाल, स्टँपविक्री यांपैकी कामे त्यांच्याकडे असावीत, म्हणजे त्यांची प्रतिष्ठा वाढेल.

मला या शेवटच्या सूचनेत फुल्यांची खरी नजर दिसते. तेव्हाच्या गावात पाटील-कुलकर्ण्यांना वतन होते, अधिकार होता. पोटापुरता पगार घेऊन आलेल्या उपऱ्या मास्तराला त्यांच्यापुढे उभे राहता येणे कठीण. हिशेब तपासणारा मास्तर मात्र कुलकर्ण्याच्या दप्तराला प्रश्न विचारू शकला असता. फुल्यांच्या लेखी न्याय्य वेतन म्हणजे पैसा आणि गावातले स्थान, दोन्ही मिळून.

पुढे काय झाले? टपालाची सूचना काही प्रमाणात प्रत्यक्षात आली. कित्येक खेड्यांत शाळेचा मास्तरच भत्त्यावर पोस्टमास्तर होता. 1923 च्या कायद्याने प्राथमिक शाळा स्थानिक मंडळांकडे सोपवल्या गेल्या, 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या. 1977-78 चा राज्य कर्मचाऱ्यांचा संप 54 दिवस चालला. संघटना आणि वेतन आयोग यांनी पगाराचा प्रश्न बऱ्याच अंशी सोडवला. सातव्या आयोगानुसार प्राथमिक शिक्षकाचे मूळ वेतन 29,200 रुपयांपासून सुरू होते, वर महागाई भत्ता. हे कमी नाही आणि तसे म्हणण्यात संकोच नसावा.

पण हा आकडा नव्या शिक्षकाला लागू होत नाही. 2000 सालच्या शिक्षण सेवक योजनेनुसार तो पहिली तीन वर्षे मानधनावर काम करतो. प्राथमिक शाळेत हे मानधन कित्येक वर्षे 6,000 रुपये होते. म्हणजे शेजारच्या वर्गावरच्या सहकाऱ्याच्या नुसत्या मूळ वेतनाचा जेमतेम पाचवा हिस्सा. वर्ग तसाच, पट तसाच, जबाबदारीही तीच. जानेवारी 2023 पासून ते 16,000 झाले, तरी ते मूळ वेतनाच्या निम्म्याहून थोडेच वर आहे. खेड्यात भाड्याची खोली घेऊन राहणाऱ्या तरुणाला तीन वर्षे असे काढायला लावणे मला परिविक्षा वाटत नाही. ती सरकारने केलेली काटकसर आहे आणि तिचा भार सर्वांत कनिष्ठ माणसावर टाकला आहे.

गावाच्या कारभारातल्या जागेचे काय? शिक्षण हक्क कायद्याच्या 27 व्या कलमाने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून अन्य अशैक्षणिक कामे शिक्षकांना देण्यास मनाई केली. हे अपवादच मोठे आहेत. मतदार याद्यांसाठी दारोदार फिरणे त्यातच बसते. शिवाय पोषण आहाराचा हिशेब आणि ऑनलाइन माहिती भरणे शालेय कामकाज म्हणून येतेच. फुल्यांना मास्तराच्या हाती गावचे दप्तर हवे होते, ते वेगळ्या रूपात आले. वरच्यांनी मागवलेली माहिती भरून पाठवणे हे त्याचे काम झाले. दप्तर तपासण्याचा, प्रश्न विचारण्याचा अधिकार त्याबरोबर आला नाही.

म्हणून पगार न्याय्य आहे का, याचे एकच उत्तर मला देता येत नाही. कायम शिक्षकाला पैसा मिळाला, त्याचे गावातले स्थान उणावले. शिक्षण सेवकाला दोन्ही नाहीत. पुढच्या वेतन आयोगाची चर्चा होईल तेव्हा कायम शिक्षकाच्या वाढीआधी मानधनाची ती तीन वर्षे रद्द करण्याचा विषय टेबलावर यावा आणि तो संघटनांनीच आणावा. फुल्यांनीही तळाच्या रकमेपासूनच सुरुवात केली होती. बारा रुपयांच्या खाली कोणी नको, ही त्यांची पहिली अट होती.