एक चाल, दहा वादक : आयर्लंडच्या लोकसंगीताची कहाणी

श्रोतेहो, दहा माणसे एकाच वेळी बोलू लागली तर आपण त्याला गलका म्हणतो. पण दहा वादक एकच चाल आपापल्या वाद्यावर, आपापल्या ढंगाने वाजवू लागले आणि तरीही ऐकणाऱ्याला ती एकच वाटली, तर त्याला काय म्हणावे? आयर्लंडच्या खेड्यांतील वादक गेली शंभर वर्षे हेच करीत आले आहेत. त्यांना ते सुखासुखी साधलेले नाही. त्याची कहाणी आज ऐकू या.

आयर्लंड हे युरोपच्या पश्चिम टोकाचे, अटलांटिक महासागरातले एक बेट. आज आयरिश संगीत म्हटले की पाचदहा वादकांचा ताफा डोळ्यांपुढे येतो. म्हणून पुष्कळांना वाटते की हे संगीत मुळापासूनच ताफ्याचे. पण तसे नाही. मुळात ते एकट्या वादकाचे. जुन्या काळी हार्प हे तारवाद्य घेऊन वादक सरदारांच्या घरोघर हिंडत. त्यांतला अतिशय नामांकित टरलॉ ओ'कॅरोलन (१६७०–१७३८) देवीच्या रोगाने तरुणपणीच अंध झाला होता. पुढे ते सरदार गेले आणि आश्रयही आटला. १७९२ साली बेलफास्ट शहरात उरल्यासुरल्या हार्पवादकांना जमवले, तेव्हा आयर्लंडचे अवघे दहा जण आले. एक तर नव्वदी ओलांडलेला होता. एडवर्ड बंटिंग नावाच्या १९ वर्षांच्या तरुणाने त्यांच्या चाली कागदावर उतरवून घेतल्या. त्या चाली टिकल्या, पण त्या वाजवणारी परंपरा जवळजवळ विझली.

खेड्यांतले नाचाचे संगीत मात्र जिवंत होते. ते कुठे चाले? शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात, बरं का! तिथली चूल म्हणजे घराचा मध्य. रात्री शेजारीपाजारी जमत, आणि एखादा फिडल वाजवी. फिडल म्हणजे आपण ज्याला व्हायोलिन म्हणतो तेच. दुसरा कोणी लाकडी बासरी वाजवी, तर कोणी इलन पाइप्स. हे वाद्य मोठे गमतीचे. काखेत हवेची पिशवी, आणि दुसऱ्या कोपराखाली लहानसा भाता. लोहार भात्याने विस्तव फुलवतो, तसा हा वादक कोपराने भाता दाबून पिशवीत वारा भरतो. तोंडाने फुंकायचे नाही. जागा लहान, नाचणारे मोजके. एक वादक पुरे, दोन असले तर चैन.

आता चालीची घडण कशी, तेही सांगतो. बहुतेक चालींचे दोन भाग असतात. प्रत्येक भाग आठ आवर्तनांचा आणि तो दोनदा वाजवायचा. मग पुन्हा पहिल्यापासून. चौकाच्या ठेक्यात धावणारी ती रील, तिना-तिनांच्या झुलत्या ठेक्यातली ती जिग. चाल सगळ्यांना ठाऊक असते. तेव्हा कसब कशात? तर सुराला हळूच झटका देण्यात, एखादा सूर थरथरवण्यात, प्रत्येक फेरीला थोडे निराळे वाजवण्यात. गावागणिक ढंग निराळा. वादक दाराबाहेर असला तरी नुसत्या ऐकण्यावरून जाणकार सांगे, हा क्लेअरचा, हा स्लायगोचा, हा डॉनेगलचा.

१८४५ पासून बटाट्याचे पीक रोगाने गेले आणि भयंकर दुष्काळ पडला. सुमारे दहा लाख माणसे मेली, तितकीच देश सोडून गेली. त्यांच्याबरोबर चालीही समुद्रापार गेल्या. कॉर्क परगण्यात जन्मलेले फ्रान्सिस ओ'नील शिकागोचे पोलीसप्रमुख झाले आणि त्या शहरातल्या आपल्या देशबांधवांकडून त्यांनी चाली गोळा केल्या. १९०३ साली त्यांनी १,८५० चालींचा ग्रंथ छापला. पुढे स्लायगोचा मायकेल कोलमन (१८९१–१९४५) हा फिडलवादक न्यूयॉर्कला गेला आणि त्याच्या वादनाच्या ग्रामोफोन तबकड्या निघाल्या. त्या मायदेशी परतल्या, तेव्हा गावोगावची मुले कोलमनसारखे वाजवू पाहू लागली. यात लाभ होता तशी हानीही होती. आपल्या गावचा ढंग मागे पडला, पण चार गावांच्या वादकांना एकत्र वाजवता येतील अशा सामाईक चाली मिळाल्या.

मग आला १९३५ चा कायदा. सार्वजनिक नाचाला न्यायालयाचा परवाना हवा, असा तो कायदा. त्यात घरातल्या नाचाला बंदी अशी लिहिलेली नव्हती. पण पुष्कळ ठिकाणी पाद्री आणि पोलीस यांनी तो घरांवरही चालवला. स्वयंपाकघरातले नाच ओसरले. क्लेअरचे फिडलवादक ज्युनियर क्रीहन (१९०८–१९९८) यांनी पुढे आयुष्यभर याची खंत बोलून दाखवली. नाच आता परवान्याच्या सभागृहात गेला. आता बघा, जागा बदलली की वाद्यही बदलावे लागते. मोठे सभागृह, लाकडी जमीन आणि शेकडो पावलांचा दणदणाट. त्यात एकट्या फिडलचा आवाज कुणाला ऐकू येणार? म्हणून फिडल दोनतीन झाली, बासऱ्या आल्या, बटनांचा अकॉर्डियन आला, बँजो आला, आणि तालाला पियानो व ड्रम. याला केयली बँड म्हणू लागले. केयली या शब्दाचा मूळ अर्थ संध्याकाळी शेजाऱ्याकडे गप्पांना जाणे, एवढाच!

या ताफ्यांना पसरवले कोणी, तर रेडिओने. डब्लिनचे नभोवाणी केंद्र १ जानेवारी १९२६ रोजी सुरू झाले आणि ताफ्यांचे वादन दूरच्या खेड्यांत पोचू लागले. १९४७ नंतर ध्वनिमुद्रणाची गाडीच खेडोपाडी फिरू लागली. शेमस एनिस हे पाइपवादक आणि संग्राहक तिच्याबरोबर हिंडत. जो म्हातारा सभागृहात कधी वाजवणार नाही, त्याचे वादनही असे साऱ्या देशाने ऐकले.

१९५१ साली मलिंगार गावी वादकांनी आपली संघटना उभी केली. तिच्या वार्षिक उत्सवात ताफ्यांच्या चढाओढी होऊ लागल्या. क्लेअर परगण्यातले दोन ताफे, किलफेनोरा आणि टुला, यांची चुरस तर अशी की सारा परगणा दुभंगे. किलफेनोराने १९५४, १९५५ आणि १९५६ अशी ओळीने तीन वर्षे बाजी मारली. १९५७ साली टुलाने ती घेतली. किलफेनोराचा ताफा किटी लिनेन या पियानोवादक बाई कित्येक वर्षे चालवीत. यातले बहुतेक वादक शेतकरी आणि कामकरी. दिवसभराचे काम उरकून रात्री नाचाला वाजवायचे. हे ताफे चांगले का वाजवत? एकाच मुलुखातली ही माणसे. एकमेकांचे हात त्यांना लहानपणापासून ठाऊक. दहा जण वाजवत, पण कान एकमेकांकडे असे.

सगळेच ताफे असे नव्हते. कित्येकांत ड्रम दणदणे, अकॉर्डियन गरजे आणि फिडलवाल्याची बारीक कलाकुसर कुणालाच ऐकू येईना. १९६२ साली शॉन ओ रिअडा या संगीतकाराने रेडिओवर आयरिश संगीतावर भाषणमाला दिली आणि उघड टीका केली. काचेच्या बरणीखाली अडकलेल्या माशीची भुणभुण, अशी त्याने या ताफ्यांची संभावना केली. नाचाला वाजवून वाजवून ज्यांची बोटे झिजली, त्यांना हे किती लागले असेल! पण ओ रिअडा नुसते दोष काढून थांबला नाही. त्याने स्वतःचा एक गट जमवला होता. त्यात ड्रम नाही. त्याऐवजी बकऱ्याच्या कातड्याचे बौरान हे डफासारखे वाद्य. सगळ्यांनी सारखे वाजवायचे नाही. कधी पाइप्स एकटे, कधी बासरी आणि फिडल यांची जोडी, मग सगळे मिळून. नाचायला नव्हे, तर बसून ऐकायला हे संगीत होते. त्याच गटातले पाइपवादक पॅडी मलोनी (१९३८–२०२१) यांनी १९६२ साली द चीफटन्स हा ताफा काढला आणि तो १९८३ साली थेट चीनपर्यंत वाजवून आला.

मग खरे कोण? ताफेवाले की ओ रिअडा? मला वाटते, दोघांवाचूनही चालले नसते. ताफ्यांनी चाल लोकांच्या पायांत राखली. घरची चूल बंद झाली तेव्हा त्यांनी तिला सभागृहात आसरा दिला. नाहीतर ती हार्पसारखी वहीतच उरली असती. आणि ओ रिअडाने आठवण दिली की गर्दीत एकेका माणसाचा हात हरवू देऊ नये. पुढे १९७० नंतरच्या नव्या ताफ्यांनी गिटार आणि ग्रीसमधले बुझूकी हे वाद्यही आत घेतले, तेव्हा ही दोन्ही सूत्रे त्यांच्या उपयोगी पडली. किलफेनोरा आणि टुला हेही पुढे वाजवीतच राहिले. २०१७ साली इलन पाइप्सच्या वादनाला आणि २०१९ साली आयरिश हार्पवादनाला युनेस्कोने मानवजातीच्या वारशात स्थान दिले.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवतो. असे वादन मुलांना ऐकवण्याचा योग आला, तर पहिल्यांदा नुसता ठेका धरू द्या. दुसऱ्यांदा सांगा, यातली एकच बासरी शोधून शेवटपर्यंत तिच्या मागे जा. तिसऱ्यांदा फिडल. मग पुन्हा सगळे मिळून ऐका. मुलांच्या आपोआप ध्यानात येईल की प्रत्येक जण थोडे निराळे वाजवतो आहे आणि तरी कुणी कुणाला झाकत नाही. पुस्तकातून हे शिकवता येत नाही, ते कानालाच शिकवावे लागते.